गुडघ्याचा वापसा

वेदनेच्या ओपीडीत गुडघ्याचा पेशंट आला की मी आधी त्याला खुर्चीत बसवते. हात छातीशी घ्यायचे, खुर्चीला न टेकता उठायचं, परत बसायचं. अर्ध्या मिनिटात जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला बारा वेळा तरी जमावं अशी अपेक्षा असते. ताईंना पाच वेळा जमलं. पाचव्या वेळी अर्ध्यात थांबल्या, ओठ आवळले आणि मग सगळं अंग पुढे झोकून कशाबशा उभ्या राहिल्या.

हे प्रकरण त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गुडघेदुखीवरच्या सुयांबद्दल मला रोज इतके प्रश्न येतात की एका माणसाचं वर्षभराचं सगळं, माझ्या चुकीसकट, एकदा सविस्तर मांडावं असं वाटलं.

ताई कराड तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहेत. तेव्हा वय ६२. अंगणवाडीचं सगळं काम जमिनीलगत चालतं. सतरंजीवर पोरं, पोरांसमोर बाई. वजनाच्या दिवशी बाळाला काट्याच्या झोळीत ठेवायचं, आकडा वाचायचा, खाली बसून रजिस्टरमध्ये लिहायचा, मोबाईलवर भरायचा, परत उठून पुढचं बाळ घ्यायचं. एका सकाळी तीस-पस्तीस वेळा उठबस. शिवाय गृहभेटी. पासष्टला निवृत्ती.

"तीन वर्षं राहिलीत मॅडम," त्या म्हणाल्या. "पोरांफुडं बसता आलं पाहिजे आणि बसल्यावर उठता आलं पाहिजे. एवढंच बघा."

उजवा गुडघा जास्त दुखत होता, आतल्या बाजूने. दहापैकी आठ. पाय पूर्ण सरळ होत नव्हता, शेवटचे दहा अंश अडकत होते. थोडं पाणी साठलेलं. मांडीचा पुढचा स्नायू डाव्यापेक्षा उजवीकडे डोळ्यांना दिसेल इतका सुकलेला. खुब्याचा सांधा मी मुद्दाम फिरवून पाहिला, कारण खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात बोलतं आणि माणूस उगाच गुडघ्यावर उपचार घेत बसतो. खुबा ठीक होता. उभं राहून काढलेल्या एक्स-रेत आतल्या बाजूची फट बरीच कमी झालेली होती, ग्रेड ३, म्हणजे झिजेच्या चार पायऱ्यांतली तिसरी. (एक्स-रे उभं राहूनच काढायचा. झोपवून काढला तर सांध्यावर भार नसतो आणि फट आहे त्यापेक्षा चांगली दिसते. आठवड्यातून दोन तरी एक्स-रे मला पुन्हा काढायला पाठवावे लागतात.) वजन ७४ किलो, उंची १५१ सेंटिमीटर. अकरा वर्षांचा मधुमेह, तीन महिन्यांची शुगर ८.६.

एवढंच असतं तर गोष्ट सोपी होती. पण पाच महिन्यांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक येऊन स्टेंट बसला होता. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू. त्या मध्येच थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी धरू शकते, म्हणून ठरवून करायचं मोठं ऑपरेशन अशा वेळी साधारण वर्षभर पुढे ढकलतात. हाडांच्या सर्जननी तेच सांगून माझ्याकडे पाठवलं होतं. त्यात ताई गावातल्या मेडिकलमधून दुखण्याची गोळी दीड वर्षं रोज घेत होत्या, अटॅकनंतरसुद्धा. किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन वाढून १.३ झालेलं. अशा गोळ्या हृदयालाही वाईट आणि किडनीलाही. त्या मी त्याच दिवशी बंद केल्या. म्हणजे ऑपरेशन नाही, गोळी नाही, आणि काम सोडायचं नाही.

आधीच्या सुया

ताईंच्या पिशवीत कागद भरपूर होते. दोन वर्षांत वेगवेगळ्या ठिकाणी एक वंगणाची सुई आणि तीन पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून बनवलेल्या सुया) झाले होते. एकूण खर्च ४०,००० च्या पुढे, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त मानधन. शिवाय एका ठिकाणी एमआरआय पाहून "गादी फाटलीय, दुर्बिणीने साफ करून घ्या" असा सल्ला मिळालेला. तो त्यांनी पैसे जमले नाहीत म्हणून टाळला होता आणि त्याची त्यांना अजून चुटपुट होती. मी त्यांना म्हणाले, ती चुटपुट आजच सोडा.

दुर्बिणीची गोष्ट मी सगळ्यांना सांगते. अमेरिकेत ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात गुडघा झिजलेल्या १८० जणांचे तीन गट केले. एका गटाचा सांधा दुर्बिणीने घासून साफ केला, दुसऱ्याचा नुसता पाण्याने धुतला. तिसऱ्या गटाला गुडघ्यावर फक्त तीन छोटे छेद दिले, सर्जनने हत्यारं मागण्याचं सोंग केलं, पाणी सांडल्याचा आवाजही केला, आणि छेद शिवून टाकले. कुणाला काय केलं हे पेशंटला माहीत नव्हतं. दोन वर्षं पाठपुरावा झाला. तिन्ही गटांच्या दुखण्यात एकमेकांपेक्षा फरक निघाला नाही. हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे कॅनडातल्या अभ्यासातही तसंच निघालं, आणि २०१७ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने झिजेच्या गुडघ्यात दुर्बिणीच्या ऑपरेशनविरुद्ध ठाम शिफारस केली. एमआरआयमधल्या फाटलेल्या गादीचं म्हणाल, तर पन्नाशीनंतर ज्यांच्या गाद्या फाटलेल्या दिसतात त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांना काहीच दुखत नसतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत हा आकडा ६१ टक्के होता. पांढरे केस एमआरआयमध्ये दिसत असते तर तेही रिपोर्टमध्ये आले असते.

वंगणाच्या सुईचं नाव आपल्याकडे फार पक्कं बसलंय. "गुडघ्यातलं वंगण संपलं" हे वाक्य इतकं पटतं की वंगण घातलं की झालं असंच वाटतं. हे औषध म्हणजे हायल्युरॉनिक आम्ल. त्यातले काही प्रकार कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढतात. पण सांधा म्हणजे गाडीचं चाक नव्हे. झिजलेल्या गुडघ्यात कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण), हाड, आतलं अस्तर, स्नायू सगळंच बिघडलेलं असतं, आणि घातलेलं वंगण काही दिवसांत शरीर शोषून घेतं. २०२२ मध्ये अनेक मोठे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा नुसत्या सलाइनच्या सुईपेक्षा फरक निघाला तो दुखण्याच्या मापावर १०० पैकी सुमारे २ गुणांचा. ताईंना दोन महिने जरा बरं वाटलं होतं.

पीआरपी म्हणजे आपलंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातल्या प्लेटलेट गोळा करून सांध्यात सोडणं. कल्पना मलाही पूर्वी आवडायची. काही छोट्या अभ्यासांत फायदा दिसला होता आणि अजूनही काही डॉक्टर मनापासून देतात. पण ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर, कुणाला काय दिलं हे कळू न देता नीट केलेला अभ्यास २०२१ मध्ये आला: आठवड्याला एक अशा तीन सुया, निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना सलाइन. वर्षानंतर दुखण्यात दखल घेण्याजोगा फरक नाही, कूर्चेतही नाही. ग्रेड ३ च्या गुडघ्यात "कूर्चा परत येईल" असं सांगून तीन-तीन पीआरपी देणं मला पटत नाही, आणि ताईंना ते तसंच सांगून दिलं गेलं होतं.

माझी चूक

गुडघ्यात पाणी होतं, सूज होती, म्हणून मी स्टेरॉइडची सुई द्यायचं ठरवलं. सूज असताना स्टेरॉइड लवकर आराम देतं, पण तो आराम काही आठवड्यांचाच असतो हे मला ठाऊक होतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या या सुईसाठी थांबवाव्या लागत नाहीत. पाणी काढलं, तपासणीला पाठवलं, औषध सोडलं. साखर आठवडाभर वाढेल हेही सांगितलं. तिसऱ्या दिवशी घरच्या मशिनवर ३४० आली. ताई घाबरल्या, त्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांनी गोळी वाढवली, आठ दिवसांत साखर उतरली.

दुखणं मात्र चार दिवसांत आठवरून तीनवर आलं. ताई खूश, मी खूश. जाताना मी व्यायामाचा छापील कागद हातात दिला आणि "रोज करा" म्हणाले.

सहा आठवड्यांनी त्या परत आल्या तेव्हा दुखणं सातवर होतं. खुर्चीची चाचणी घेतली, पाचच. कागद पिशवीत होता, दिलेल्या घडीतच. दुखत नव्हतं म्हणून त्या सहा आठवड्यांत त्यांनी तुंबलेल्या गृहभेटी उरकल्या होत्या आणि दोन दिवस शेतात भांगलायलाही गेल्या होत्या.

त्यांनी विचारलं, परत तीच सुई देता का? सांधा आत्ताच धरलेला असताना दर तीन महिन्यांनी स्टेरॉइड देत राहिलं तर काय होतं याचं उत्तर आपल्याकडे आहे. बोस्टनमध्ये १४० जणांना दोन वर्षं, दर बारा आठवड्यांनी, निम्म्यांना स्टेरॉइड आणि निम्म्यांना सलाइन दिलं. शेवटी दुखण्यात फरक नव्हता, पण स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा ०.२१ मिलिमीटरने झिजली होती, सलाइनवाल्यांची ०.१० ने. मी नाही म्हणाले.

मग मी खरं काय चुकलं ते दोघांना सांगितलं. सोबत ताईंचे यजमान होते, शेतकरी, फारसे न बोलणारे. मी म्हणाले, सुईने गुडघा बरा होत नाही, सुई फक्त थोडे दिवस दुखणं बाजूला करते. त्या दिवसांत मांडीला ताकद आणायची असते. ते दिवस आपण फुकट घालवले आणि त्यात दोष माझा जास्त आहे, मी कागद देऊन मोकळी झाले.

ते पहिल्यांदाच बोलले. "म्हणजे वापसा गेला म्हणा. पाऊस झाल्यावर रानात चिखल असतो तोवर औत घालता येत नाही, आणि ऊन लागलं की रान कडक. मधले चार दिवस साधायचे असतात."

त्यांच्या या शब्दाने माझं काम सोपं केलं. तेव्हापासून मी हाच शब्द वापरते.

नसेवरची सुई

दुसरा वापसा जास्त दिवसांचा हवा होता. त्यासाठी गुडघ्याच्या नसांचं आरएफ, म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी, हा पर्याय होता. झिजलेला सांधा तसाच राहतो, पण त्याच्या दुखण्याची बातमी मेंदूकडे नेणाऱ्या बारीक नसा उष्णतेने काही महिने बंद करता येतात. गुडघ्यासाठी ही पद्धत कोरियातल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये ३८ पेशंटच्या अभ्यासातून मांडली. नंतर अमेरिकेत १५१ जणांमध्ये सुईचं टोक पाण्याने थंड ठेवणाऱ्या आरएफची स्टेरॉइडशी तुलना झाली. सहा महिन्यांनी दुखणं निम्म्याने किंवा जास्त कमी झालेले आरएफच्या गटात ७४ टक्के होते, स्टेरॉइडच्या गटात १६ टक्के. हा अभ्यास उपकरण बनवणाऱ्या कंपनीच्या पैशावर झाला होता, तेव्हा आकडा जरा हात राखूनच घ्यायचा. तरी ताईंसारख्या पेशंटमध्ये दुसरं काही इतकं सोयीचं नव्हतं: स्टेरॉइड नाही म्हणून साखर वाढत नाही, भूल नाही, गोळ्या थांबवायची गरज नाही. हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ते पक्कं केलं.

मोठ्या शहरांत आता गुडघ्याच्या बारीक रक्तवाहिन्या बंद करण्याचीही एक पद्धत सुरू झाली आहे. तिला एक्स-रेचं डाय लागतं. १.३ क्रिएटिनिनवर मी तो विचार केला नाही.

ताईंची भीती वेगळीच होती. "नस जाळायची म्हणता. पाय लुळा पडला तर?" हा प्रश्न दहांतले आठ जण विचारतात, आणि तो अगदी रास्त आहे. उत्तर असं: ज्या तीन फांद्या आपण धरतो त्या गुडघ्याच्या वर आतून, वर बाहेरून आणि खाली आतून हाडाला चिकटून जातात. त्या सांध्याची जाणीव नेतात, पाय हलवण्याचं काम त्यांच्याकडे नाही. खाली बाहेरच्या बाजूलाही एक फांदी आहे, पण तिच्या जवळून पाऊल उचलणारी मोठी नस जाते, म्हणून तिथे आपण सुई नेतच नाही. आणि जाळण्याआधी त्याच सुईतून हलका करंट सोडून पाहतो. पाय फडफडला तर सुई चुकीच्या जागी आहे, ती हलवायची.

आधी चाचणी. त्या तीन जागी सोनोग्राफीत बघून एकेक मिलिलिटर लिग्नोकेन, म्हणजे बधिर करणारं औषध, सोडलं. ताईंना हातात एक कागद दिला: पुढचे सहा तास दर तासाला दुखणं किती ते लिहायचं, आणि घरात बसून राहायचं नाही, पायऱ्या चढायच्या, खाली बसायचं. पहिल्या दोन तासांत आठाचं दोन झालं, मग हळूहळू परत सहा. म्हणजे दुखणं या नसांतून येत होतं. चाचणीत निम्मं तरी दुखणं कमी झालं नाही तर मी आरएफ करत नाही, पेशंटने कितीही आग्रह केला तरी.

चाचणीनंतर लगेच आरएफची तारीख दिली नाही. आधी फिजिओथेरपिस्टची तारीख घेतली. कराडमधल्या एका मुलीने सहा आठवडे, दर शनिवारी, ताईंची वेळ राखून ठेवली. ती चिठ्ठी हातात आल्यावर मग आरएफ, त्याच आठवड्यात.

प्रत्यक्ष काम पाऊण तासाचं. गुडघ्याखाली उशी, कातडी बधिर केलेली, तीन सुया. प्रत्येक सुईचं टोक जागेवर गेलं की करंट देऊन विचारायचं, ओळखीचं दुखणं जाणवतं का? तिसऱ्या सुईला ताई म्हणाल्या, "हां, हेच. हेच ते जिना उतरतानाचं." मग बधिर करून ८० अंशांवर ९० सेकंद. एकेका जागी दीड मिनिट, आणि त्या दीड मिनिटात त्या मला अंगणवाडीतल्या एका जुळ्या पोरांची वजनं सांगत होत्या. तासाभराने चालत बाहेर गेल्या. दोन आठवडे आतल्या बाजूला काळं-निळं होतं आणि तळहाताएवढी जागा बधिर. दोन्ही गेलं.

उठबस

खरं काम इथून पुढचं. फिजिओने तीनच व्यायाम दिले. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून ती पाच सेकंद दाबून धरायची. एका पायरीवर चढायचं-उतरायचं. आणि खुर्चीतून उठबस. पहिले दोन घरी होत होते. तिसरा राहून जायचा, कारण सकाळी डबा, मग अंगणवाडी, मग रजिस्टरं.

तिसऱ्या शनिवारी ताईंनी आपणच उपाय काढला. अंगणवाडीत पोरांना अंक म्हणायला लावायचेच असतात. त्यांनी खुर्ची पोरांसमोर ठेवली. बाई उठली की पोरं ओरडणार "एक!", बसली, परत उठली की "दोन!" दहापर्यंत. सकाळी एकदा, खाऊच्या आधी एकदा. कुणी पोर मध्येच विसरलं की परत एकपासून. मी तिथे गेले नाही, पण त्यांनी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. पहिल्या ओळीतलं एक पोरगं बाईंबरोबर स्वतःच उठबस करत होतं, त्यांच्यापेक्षा जोरात.

गुडघ्याच्या व्यायामाबद्दल लोकांना वाटतं की सुईपुढे तो फिका. अमेरिकन लष्कराच्या रुग्णालयांत १५६ जणांमध्ये दोन्हींची समोरासमोर तुलना झाली, २०२० मध्ये छापून आली. वर्षानंतर फिजिओथेरपीवाले स्टेरॉइडवाल्यांपेक्षा चांगले होते. पण दहापैकी आठ दुखत असताना व्यायाम होत नाही, हेही तितकंच खरं.

वजनकाट्याजवळ आता फूटभर उंचीचं लाकडी स्टूल आहे. यजमानांनी करून दिलं. जमिनीवरून उठण्यापेक्षा तिथून उठणं गुडघ्याला पुष्कळ सोपं जातं. पर्यवेक्षिकाबाईंची आधी परवानगी घ्यावी लागेल असं ताईंना वाटत होतं. त्यांनी पाहिलं आणि दुसऱ्या अंगणवाडीसाठीही एक करायला सांगितलं.

तीन महिन्यांनी दुखणं तीन, वजन ७१, खुर्चीची चाचणी दहा. दहा झाल्यावर त्या थांबल्या, वेळ अजून चार-पाच सेकंद उरलेला असताना. मी विचारलं, दम लागला? "नाही हो, पोरांना दहाच्या पुढं येत नाही. सवय झालीय."

सहा महिन्यांनी दुखणं तीन ते चार, वजन ६९, तीन महिन्यांची शुगर ७.२. स्टेंटला वर्ष होऊन गेलं होतं. ऑपरेशनचा विषय मी काढला, त्यांना गरज वाटली नाही, मलाही घाई दिसली नाही.

अकराव्या महिन्यात दुखणं सहावर आलं. हे होणार हे पहिल्या दिवशीच सांगितलेलं होतं. जाळलेल्या बारीक नसा साधारण सहा महिने ते वर्षभरात परत वाढतात. एक्स-रेत आतली फट आणखी थोडी कमी. आता दोन रस्ते होते. एक, परत आरएफ, ते पुन्हा करता येतं. दुसरा, वाटी बदलणं. वाजपेयींचा गुडघा २००० साली मुंबईत ब्रीच कँडीमध्ये बदलला तेव्हापासून हे ऑपरेशन गावागावांत माहीत झालंय, २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातल्यापासून थोडं आवाक्यातही आलंय. हृदयाचे डॉक्टर आता हो म्हणत होते, साखर ताब्यात होती, मांडीत ताकद होती. माझा कल ऑपरेशनकडे होता आणि मी तो सांगितला.

ताईंनी ऐकून घेतलं. त्यांचा हिशोब असा: निवृत्तीला दोन वर्षं. ऑपरेशन केलं तर दोन-तीन महिने अंगणवाडी मदतनिसावर पडणार, ती नवीन आहे. आरएफ परत करायचं, ते चाललं तर चाललं. नाही चाललं, किंवा रात्रीचं दुखायला लागलं, तर ऑपरेशन, तेव्हा नोकरीचा विचार करणार नाही. मी त्यात एकच अट घातली, दर तीन महिन्यांनी खुर्ची. आकडा घसरला तर वाट पाहायची नाही, कारण सुकलेल्या पायावर वाटी बदलली तर सावरायला फार जड जातं. त्यांनी मान्य केलं. यजमान म्हणाले, तारीख पेरणीनंतरची द्या.

मग मी घड्याळ लावलं. ताईंनी हात छातीशी घेतले आणि मोठ्याने मोजायला लागल्या, पोरं मोजतात त्याच चालीत. बाहेरच्या बाकावरचे दोघं डोकावून पाहायला लागले. दहा झाले. त्या थांबल्या नाहीत.

"अकरा! मोठ्या गटाला आता वीसपर्यंत येतंय मॅडम. बारा! तेरा!"

घड्याळ वाजलं.